दिवे शोधायचे नाहीत

सावेडी, नगर
३ सप्टेंबर २०२५

स्नेहल,

तुझा मेसेज मिळाला. ‘आत्या, दिव्यांग सर्टिफिकेटची फेरतपासणी आहे, काळजी नको.’ आणि त्याच्यापुढे हात जोडलेलं एक पिवळं चित्र. बस? सगळी हयात मी टपाल खात्यात काढली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. माझ्या काळात लोक तारेतसुद्धा याहून जास्त मजकूर घालायचे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना ‘चांगुणा’ हे नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, पण एक गोष्ट त्यांनी डोक्यात पक्की बसवली: उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. तेव्हा कागद घे आणि पूर्ण वाक्यात लिही. मला फोनवर भांडता येत नाही, समोरचा मधेच बोलतो.

तू माझ्या चुलतभावाची मुलगी. पुणतांब्याच्या घरात तू चालायला लागलीस तेव्हापासून बादल्यांना, उंबऱ्यांना, शेळ्यांना धडकत आलीस. तुझी आई तुला वेंधळी म्हणायची. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा आजार आहे. रीतसर प्रमाणपत्र झालं, अल्पदृष्टीच्या राखीव जागेवर तू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झालीस, आम्ही सगळे नाचलो. आणि आता सहा वर्षांनी विचारतात, ‘खरंच दिसत नाही का हो?’

बोगस प्रमाणपत्रवाल्यांना पकडताहेत, जरूर पकडावं. मी स्वतः दाराला कडी लावून देते. पण तुझी आई सांगत होती की तुझ्यावर वेगळी तक्रार झाली आहे. कोणी केली? नाव कळव. बाकीचं मी बघते.

खवळलेली,
चांगुणाआत्या

•

कर्जत
८ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

पूर्ण वाक्यात उत्तर देते.

माझ्या आजाराचं नाव मोठं आहे, पण समजायला सोपा आहे. तुझ्या हातातली बांगडी काढ आणि हात लांब करून डोळ्यांसमोर धर. बांगडीच्या आतलं मला लख्ख दिसतं, तुझ्यापेक्षाही चांगलं. बांगडीच्या बाहेरचं दिसत नाही. काळोख दिसतो असं नाही, तिथे काही आहे हेच कळत नाही. म्हणून मी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचते आणि त्याच बाटलीशेजारचा ग्लास पाडते.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबूबाई आणि गावातल्या बायका दुपारी व्हरांड्यात गोधड्या शिवायला बसतात. सगळ्यांच्या सुयांत दोरा मीच ओवून देते. छबूबाई म्हणतात, “बाईची नजर लई पानीदार हाय.” कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत वरपर्यंत गेला, आणि वाटेत त्याच्यावर कोणीतरी लिहिलं, ‘हीच का ती अंध कोट्यातली शिक्षिका?’

शिक्षण विभागात चौकशीला बोलावलं होतं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही माझ्या खिशावरचं नाव वाचलंत, आणि म्हणता दिसत नाही?” मी म्हटलं, “साहेब, नाव दिसलं. पण तुम्ही मघाशी चहाचा कप पुढे केला होतात म्हणे, तो दिसला नाही.” ते शेजारच्या माणसाकडे बघून हसले असावेत. हसण्याचा आवाज आला.

सोळा तारखेला तपासणी आहे. वैद्यकीय मंडळाने चाळीस टक्के किंवा वर अपंगत्व लिहिलं तर नोकरी राहील. खाली लिहिलं तर जाईल, आणि शासनाची फसवणूक केली म्हणून गुन्हाही दाखल होऊ शकतो. पण काळजी करू नकोस. डोळे सहा वर्षांपूर्वी होते तसेच आहेत, काहीच बदललेलं नाही.

तक्रार कोणाची ते ठाऊक नाही. मुख्याध्यापक सूर्यभान सरांना विचारलं तर ते काही बोलत नाहीत.

तुझी,
स्नेहल

•

सावेडी
१२ सप्टेंबर

स्नेहल,

बांगडी धरून घरभर फिरले. स्वयंपाकघराच्या दारावर कपाळ आपटलं, मोरीपाशी घसरता घसरता वाचले, आणि खालच्या मजल्यावरच्या राधाकृष्ण कुलकर्ण्यांनी जिन्यात हात जोडून नमस्कार केला तो मी साफ ओलांडून गेले. आता ते म्हणत असतील, बाई शिष्ट आहे. तुझ्याबद्दलही लोक हेच म्हणत असणार! आणि त्या साहेबाला हसू येतं? त्याला एक दिवस बांगडी धरून बाजारातून हिंडवला पाहिजे, तोही शनिवारी.

तुझे सूर्यभान सर ‘काही बोलत नाहीत’, होय? न बोलणारी माणसं मी टपाल खात्यात पुष्कळ पाहिली. निनावी पत्रं टाकणारी तीच. मी त्यांना आजच स्पीड पोस्टाने पत्र धाडलं आहे. सभ्य भाषेत लिहिलं आहे. सभ्य भाषेत माणसाला जास्त लागतं.

आता तपासणीचं ऐक. इस्त्रीची साडी नेस. रडू नकोस. लाचार दिसू नकोस. आणि मुख्य म्हणजे, फसवणारा माणूस काय करतो? दिसत असलं तरी ‘नाही’ म्हणतो. तू उलट कर. दिसेल ते सगळं सांग, एकही सोडू नकोस. तुझ्यावर बोट ठेवायला जागाच राहता कामा नये. खरेपणा पाहून डॉक्टरच खजील होतील.

सोळाला सकाळी मी चर्चपासून विशाल गणपतीपर्यंत सगळीकडे नमस्कार करून येणार आहे. कोणाला तरी वेळ असेलच.

चांगुणाआत्या

•

कर्जत
१७ सप्टेंबर

आत्या गं,

झाली! काल तपासणी झाली आणि फार छान झाली! संध्याकाळीच लिहायला बसणार होते, पण प्रवासाने अंग मोडलं होतं.

आधी अक्षरांचा तक्ता. मी वरपासून थेट शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचला. तिथली सिस्टर म्हणाली, “बाई, ही ओळ मला पन वाचता येत न्हाई.” मग डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून आत पाहिलं. ते म्हणाले, आजार आहे हे डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसतंय. प्रश्न आजाराचा नाही, बाजूचं किती शिल्लक आहे त्याचा आहे, आणि ते मशीन ठरवेल.

मशीन म्हणजे पांढऱ्या घमेल्यासारखं, आडवं ठेवलेलं. आपण हनुवटी टेकवून त्याच्यात तोंड घालायचं. एक डोळा झाकतात. मधोमध एक पिवळा दिवा असतो, त्याच्याकडे बघायचं. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर रांग मोठी होती. मशीनवाल्याने भरभर सांगितलं आणि तो कागद लावायला गेला.

सुरुवातीला काही चमकतच नव्हतं. मला घाम फुटला. मशीन बंद आहे की काय वाटलं. आणि मग आत्या, मला युक्ती सापडली! मी रस्त्याने चालताना करते तेच केलं. डोळे फिरवायला लागले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणि दिवे सापडायला लागले! टक, टक, टक! मागून पंखा गरगरत होता, आणि मी बटणावर बटण दाबत होते. तुझे शब्द कानात होते, एकही सोडू नकोस. शेवटी शेवटी तर दिवा कुठे येणार याचा अंदाजही यायला लागला. दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर वाटलं होतं तसं वाटलं. मशीनवाल्याने विचारलं, “झालं मॅडम?” मी म्हटलं, “सोपा होता पेपर.”

बाहेर येताना दाराशी ठेवलेल्या व्हीलचेअरवर आदळले. नडगी सोलली. पण रांगेत दंगा इतका होता की कोणी बघितलं नाही.

आता कोणी म्हणू दे मी चोरी केली म्हणून!

स्नेहल

•

सावेडी
२१ सप्टेंबर

शाब्बास! शाब्बास! शाब्बास!

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं, दूधवाल्याला वाचून दाखवलं. आपल्या घरातली मुलगी परीक्षेला बसते ती पहिला नंबर काढायलाच. फसवणारा दिवे सोडतो, तू शोधून शोधून पकडलेस. याहून मोठा पुरावा कोणता? माझं ऐकलंस हे फार बरं केलंस. निकाल आला की फोन कर, त्या दिवशी फोन चालेल.

आनंदाने फुटलेली,
आत्या

ता. क. नडगीला हळद लाव. आणि त्या व्हीलचेअरची तक्रार कर. दारात कोण ठेवतं?

•

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. कर्जत
२९ सप्टेंबर २०२५

आदरणीय चांगुणाताई,

आपलं पत्र पोचलं. ‘आपल्यासारख्या मौनी सद्गृहस्थांमुळेच टपाल खात्याला निनावी पत्रांचा धंदा मिळतो’ हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई भेटल्या पाहिजेत.

ताई, तक्रार मी केलेली नाही. व्हिडिओ छबूबाईच्या नातीने काढला. ‘आमच्या बाईंची नजर’ असं प्रेमाने लिहून तिने तो गावाच्या ग्रुपवर टाकला. पुढे कोणी काय जोडलं ते त्या पोरीला ठाऊक नाही. छबूबाई तेव्हापासून चुलीपुढे बसून डोळे पुसते. “माज्या सुईनं बाईचं वाटोळं केलं,” म्हणते. मी बोललो नाही ते यासाठी. स्नेहलबाईंना कळलं असतं तर त्या उलट हिचीच समजूत घालत बसल्या असत्या.

आपल्याला निकाल कळलेला दिसत नाही. पाच दिवसांपूर्वी आला. तक्त्यावरची नजर उत्तम. मशीनच्या अहवालावर शेरा आहे: ‘डोळे स्थिर ठेवले नाहीत, अहवाल विश्वासार्ह नाही, तपासणीस सहकार्य नाही.’ टक्केवारी चाळीसच्या आत. त्याच दिवशी निलंबनाचा आदेश आला. बाई घरी आहेत. कोणाचा फोन घेत नाहीत. त्यांचे यजमान ज्ञानेश्वर साखर कारखान्यातून सुट्टी काढून घरी बसले आहेत.

अपील करता येतं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी होते. अर्ज मी लिहून ठेवला आहे, बाई सही करत नाहीत. म्हणतात, “सर, मी माझ्याकडून सगळं केलं, आता आणखी काय करू?”

आठ महिन्यांपूर्वी स्नेहलबाई शाळेच्या आवारात पाण्याच्या उघड्या टाकीत पाय घालता घालता वाचल्या. मी ओरडलो म्हणून. त्यांनी मला शपथ घातली, कोणाला सांगू नका. ती शपथ आज मोडतो आहे. आपण लिहा. सभ्य भाषेत नको, नेहमीच्या भाषेत लिहा.

आपला,
सूर्यभान

•

सावेडी
५ ऑक्टोबर

स्नेहल,

नेहमीच्या भाषेत लिहिते. तू गाढव आहेस. मी तुझ्याहून मोठं गाढव आहे.

सूर्यभान सरांची मी माफी मागितली आहे. सरळ कार्डावर, उघड्यावर, म्हणजे वाटेतल्या पोस्टमनलाही वाचता येईल. त्यांच्या बायकोला दिवाळीला बोलावलं आहे. तो विषय संपला.

आता दुसरा. ‘सहकार्य नाही’ हे शब्द वाचून मी भिंतीवर डोकं आपटायची बाकी होते. पैसे चारले असतील कोणीतरी, हेच पहिलं मनात आलं. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला कागदही काढला. मग म्हटलं, आधी ते घमेलं स्वतः बघावं. इथे सावेडीत डोळ्यांच्या दवाखान्यात तसलं मशीन आहे. मी गेले आणि सांगितलं, माझी ती परीक्षा घ्या. डॉक्टर म्हणाले, “आजी, तुम्हाला गरज नाही.” मी म्हटलं, “गरज कोणाला आहे ते मी ठरवते. घ्या!”

बसले. हनुवटी टेकवली. एक डोळा बंद. आणि स्नेहल, पहिला दिवा चमकायच्या आत माझा डोळा सुटला की त्याच्या मागे! टक! पुन्हा सुटला, टक! मला काय चेव आला होता! आणि ती मशीनवाली मुलगी मागून ओरडली, “आजी, डोळा हलवू नका! दिवे शोधायचे नाहीत! मधल्या दिव्याकडे बघा, बाजूचा आपोआप दिसला तर दाबा, नाही दिसला तर सोडून द्या.” मी म्हटलं, “सोडून कसे देऊ? चूक ठरेल ना!” ती म्हणाली, “यात चूक-बरोबर नसतं आजी. किती सुटले, तेच तर बघायचंय.”

मी तशीच घमेल्यात तोंड घालून बसले, बराच वेळ. ती म्हणाली, “झोप लागली का?”

कळलं का तुला? मशीन तुझ्या डोळ्यावर नजर ठेवून होतं. डोळा हलला की त्याला वाटतं, माणूस खेळ करतोय. खोटारडाही डोळे हलवतो, पहिला नंबर काढणारीही हलवते, मशीनला दोघं सारखीच. आणि ‘एकही सोडू नकोस’ म्हणून तुला पाठवणारी मी! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली विदुषी!

अपिलावर सही कर. आज. या वेळी दिवे शोधायचे नाहीत. नुसतं मधे बघायचं. तुझी नोकरी सुटते आहे ती तुला कमी दिसतं म्हणून नव्हे, तू नको तितकी हुशार आहेस म्हणून!

आत्या

•

कर्जत
१३ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले. ज्ञानेश्वर म्हणाला, कितीतरी दिवसांनी हसलीस.

सही केली. पुण्याची तारीख चार नोव्हेंबर मिळाली आहे.

पण एक लिहायचं आहे, ते तोंडाने सांगता आलं नसतं. तुझं पत्र आल्यावर म्हटलं, घरी सराव करून बघू. भिंतीवर दिनदर्शिकेचा खिळा आहे, त्याच्याकडे बघत बसले आणि ज्ञानेश्वरला म्हटलं, “बाजूने हात हलवत पुढे आण, दिसला की सांगते. कर सुरू.” मी खिळ्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हटलं, “अरे, कर ना सुरू.” मी मान वळवली तर त्याचा हात माझ्या कानाजवळून पार गालाच्या पुढे आलेला. तो केव्हाचा हलवत होता.

आत्या, मी तुला लिहिलं होतं, काहीच बदललेलं नाही. ते खोटं होतं. तुला एकटीला नाही, मी सगळ्यांनाच तसं सांगते. मला स्वतःलाही वाटायचं की तसंच आहे, कारण मी कधी डोळे थांबवतच नाही. सतत फिरवत असते. फिरवत राहिलं की जग पूर्ण वाटतं. मला थांबून बघायची भीती वाटते. पुण्याला थांबावं लागेल, आणि ते कागदावर येईल. नोकरी वाचवायला मला माझी किती नजर गेली ते बघावं लागणार.

नाही गेले तर?

स्नेहल

•

सावेडी
१७ ऑक्टोबर

स्नेहल,

नाही गेलीस तर नोकरी जाईल आणि नजरही जायची तेवढी जाईल. तिला तुझ्या नोकरीशी काही देणंघेणं नाही.

भीती वाटते ना? वाटू दे. तिला बरोबर घेऊन ये, एसटीत जागा असते. मी तीन तारखेला स्वारगेटला उतरते. ज्ञानेश्वरलाही आण. धीर देणारी भाषणं मला येत नाहीत, पण दाराबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दरडावणं मला उत्तम जमतं.

आत्या

•

कर्जत
८ नोव्हेंबर

आत्या,

तू बाहेर होतीस म्हणून आतलं सांगते. बसमध्ये मला बोलवत नव्हतं, आणि तूही विचारलं नाहीस. तुला ते किती जड गेलं असेल!

डॉक्टर निकिता माझ्याहूनही लहान असेल. तिने आधी माझा जुना अहवाल पाहिला आणि म्हणाली, “ताई, तुम्ही दिवे पकडत होतात ना? हुशार लोक हमखास पकडतात.” मग तिने खुर्चीची उंची नीट केली, पट्टी नीट लावली, आणि म्हणाली, “एकदा सरावाचं करू. ते धरायचं नाही. तुम्ही फक्त मधल्या दिव्याला भेटायला आलात असं समजा.”

मी बघत राहिले. मधे दिवा. बाकी काही नाही. माझा डोळा सारखा ओढ घेत होता, दावणीला बांधलेल्या वासरासारखा. मी त्याला धरून ठेवलं. वाट बघितली. एखादा दिवा मधल्या दिव्याला अगदी चिकटून चमके, की दाबायचे. मग पुन्हा नुसतं थांबणं. मशीनचा घर्र आवाज येई, म्हणजे कुठेतरी दिवा लागून गेला असेल. एकामागून एक घर्र, घर्र. मला कळत होतं की दिवे लागताहेत, माझ्या चारी बाजूंनी लागताहेत, आणि मी त्यांच्या मधे बसले आहे.

रडू आलं, तर निकिताने मशीन थांबवलं. म्हणाली, “पाणी आलं की दिसत नाही, मग तुमच्यावर अन्याय होईल. पुसा, चहा प्या, मग करू.” आम्ही खरंच चहा प्यायलो. मग दुसरा डोळा.

शेवटी ती म्हणाली, “तुमची नजर जराही हलली नाही. इतका स्वच्छ अहवाल मी क्वचित बघते.” आत्या, तेवढ्यातही मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. आहे की नाही वेडेपणा!

स्नेहल

•

सावेडी
२५ नोव्हेंबर

सत्तर टक्के!

स्नेहल, सत्तर टक्के! तुझा फोन ठेवला आणि चपला घातल्या. म्हणे चाळीसच्या आत! मी तशीच खाली गेले, रिक्षा केली, चितळे रोडवरून किलोभर पेढे आणले आणि जिन्यापासून वाटायला सुरुवात केली. “आमच्या स्नेहलला सत्तर टक्के मिळाले!” राधाकृष्णांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “वा वा! कसली परीक्षा होती?”

मी सांगायला तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिले. पेटी हातात. ‘तिची नजर सत्तर टक्के गेली, पेढा घ्या’ असं सांगायचं होतं का मला? त्यांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला माझा चेहरा बघून.

वर आले. दार लावलं. बादल्यांना धडकणाऱ्या माझ्या पोरीसाठी रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि पुन्हा खाली जाऊन उरलेले पेढे वाटले. म्हटलं, “जे खरं आहे ते सरकारने लिहून दिलं, त्याचे पेढे आहेत. घ्या गुमान.” सगळ्यांनी घेतले.

शाळेत कधी जायचं ते कळव. आणि आता तरी खोटं सांगू नकोस कोणाला.

आत्या

•

कर्जत
३ डिसेंबर

प्रिय आत्या,

काल शाळेत हजर झाले. निलंबन रद्द झाल्याचा आदेश सूर्यभान सरांनी स्वतः वाचून दाखवला, दोनदा. छबूबाईने खिचडीऐवजी शिरा केला होता आणि कोणाला न विचारता सगळ्या गावाला वाढला.

मी वर्गात गेले आणि पोरांना सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. पालक म्हणतील, आंधळी बाई काय शिकवणार, ही धास्ती होती. फळ्यावर वाटोळं काढलं आणि म्हटलं, “मला एवढंच दिसतं. बाजूचं दिसत नाही. तुम्ही कडेला बसून हात वर केलात तर मला कळत नाही.”

खिडकीकडच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, “बाई, म्हणजे मी हात वर करते ते तुम्हाला दिसत नव्हतं?”

आयत. दिलावर टेम्पोवाल्याची मुलगी. जूनपासून त्या जागेवर बसते. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘अबोल आहे. वर्गात भाग घेत नाही.’ मी विचारलं, “तू रोज हात वर करायचीस?” ती म्हणाली, “व्हय. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलाय.”

आत्या, मंडळासमोर मला जे वाटलं नाही ते तेव्हा वाटलं. मी तिच्याजवळ गेले, तिला पूर्ण बांगडीत घेतलं आणि म्हटलं, “हात वर नको आता. नाव सांगायचं आणि बोलायचं.”

मग काय विचारतेस! “बाई, मी पार्थ!” “बाई, मी आधी!” “बाई, आयत, आयत, आयत!” सूर्यभान सर धावत आले, त्यांना वाटलं भांडण लागलं. आयतने पाढा चुकवला, पुन्हा चुकवला, आणि तरी थांबेना. मी फळ्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. चारी बाजूंनी येत होतं.

तुझी,
स्नेहल